उपाशी मासा, भरलेला डबा आणि वडाळ्याचं मिठागर

पीएच.डी.च्या मुलाखतीत "हाच विषय का?" हा प्रश्न हमखास येतो. त्याचं छापील उत्तर तुम्ही तयार ठेवाच. पण खरं उत्तरही एका कागदावर लिहून ठेवा, कारण तिसऱ्या वर्षी कंटाळा येतो तेव्हा तेच कामाला येतं. माझं खरं उत्तर म्हणजे एक मेलेला मासा.

एम.एस्सी.ला होतो तेव्हाची गोष्ट. कळव्याच्या आमच्या दोन खोल्यांत मी हौसेने खाऱ्या पाण्याची टाकी लावली होती. एका दुकानातून मँडरिन आणला. बोटाएवढा मासा, निळ्या अंगावर नारिंगी वळणं, बघत राहावं असा. "सगळं खातो," असं दुकानदाराने सांगितलं होतं. मी फ्लेक्स टाकले, पेलेट टाकले, शेवटी आईच्या डब्यातला सुका जवळा खलबत्त्यात कुटून टाकला. मासा समोर आलेला कण डोळे फिरवून नीट बघायचा आणि पुढे सरकायचा. "लहान मूल आहे का ते, मांडीवर घेऊन भरवायला?" असं आई म्हणायची. तीन आठवड्यांत त्याचं पोट आत गेलं आणि एका सकाळी तो वाळूवर आडवा पडलेला दिसला. खाण्याचा डबा अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

नंतर वाचल्यावर कळलं की या माशाचं तोंड अगदी बारीक असतं. प्रवाळाच्या खडकांवरचे कोपेपॉडसारखे सूक्ष्म, हलणारे जीव तो दिवसभर एकेक करून टिपतो. न हलणारा कण त्याच्या लेखी अन्नच नसतो. समुद्रातल्या लहान माशांपैकी बऱ्याच जणांचं, आणि जवळजवळ सगळ्यांच्या पिल्लांचं, असंच असतं. म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी टिकवायची तर काच, मीठ आणि पंप यांच्याइतकीच जिवंत खाण्याची सोय लागते. मग प्रश्न पडला, आज फ्रोझन पाकीट घरपोच मिळतं, पण सत्तर वर्षांपूर्वी मुंबईत लोक या माशांना काय घालत असतील?

आता इथे थांबा, कारण मी पहिली चूक इथेच केली. मला वाटलं, प्रश्न एकच आहे. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालं, चालवायचं राज्याचं मत्स्यव्यवसाय खातं. तिथल्या खाण्याच्या नोंदी शोधल्या की झालं! सुरुवातीला मी सिनॉप्सिसमध्ये तसंच लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी पेन्सिलीने समासात फक्त एक शब्द लिहिला: "खाणं?" त्या एका प्रश्नचिन्हाने माझे आठ महिने खाल्ले.

खाण्याचा इतिहास म्हणजे नुसता यादीचा इतिहास नसतो. ते खाणं येतं कुठून, ते खाणं आहे हे कुणाला कधी कळलं, आणि ते वापरात कधी आलं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं वेगवेगळ्या कपाटांत असतात आणि बहुतेक वेळा त्यांच्या तारखा जुळत नाहीत. जगभर समुद्री माशांच्या पिल्लांना जे खाणं सर्वांत जास्त घातलं जातं, त्या आर्टेमियावर हे तीन प्रश्न लावून बघू. दुकानात याला 'ब्राइन श्रिंप' किंवा नुसतं 'ब्राइन' म्हणतात.

आर्टेमिया हा सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा, पाठीवर उलटा पोहणारा जीव. कोळंबीचा लांबचा नातेवाईक म्हणा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. त्याच्या दुप्पट-तिप्पट खारट पाण्यात बहुतेक मासे जगत नाहीत, तिथे हा मजेत राहतो. त्याच्याकडे स्वसंरक्षणाचं काहीच साधन नाही, ना टणक कवच ना वेग. म्हणून जिथे खाणारे पोहोचत नाहीत तिथेच तो जाऊन बसलाय: खारी सरोवरं आणि मिठागरं. पाणी फार खारट झालं किंवा प्राणवायू घटला की मादी पिल्लांऐवजी सिस्ट सोडते. दुकानदार त्यांना 'अंडी' म्हणतात. खरं तर त्या कवचात वाढ थांबवून बसलेला गर्भ असतो. वाळवून डब्यात भरला तर वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि खाऱ्या पाण्यात, उजेडात, हवेचे बुडबुडे देत ठेवला की साधारण चोवीस तासांत पिल्लू बाहेर येतं. पिल्लाची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे डब्यात साठवता येणारं जिवंत खाणं. अशी सोय फार थोड्या जिवांनी माणसाला करून दिली आहे.

पहिला प्रश्न: हे कुणाला कधी दिसलं? पाठ्यपुस्तकात सापडतं ते असं, की १७५५ मध्ये श्लॉसर नावाच्या गृहस्थाने इंग्लंडमध्ये लिमिंग्टनच्या मिठागरात हा जीव पाहिला, आणि १७५८ मध्ये लिनियसने त्याला नाव दिलं. वर्षानुवर्षं हेच छापलं जात होतं. मग २००८ मध्ये एका इराणी संशोधकाने दाखवून दिलं की उर्मिया सरोवरातल्या या जिवाचा उल्लेख इ. स. ९८२ च्या, एका अनामिक इराणी भूगोलकाराच्या लिखाणात आहे. एका झटक्यात पावणेआठशे वर्षं मागे! आणि लिबियातल्या फेझानच्या वाळवंटातले दवादा लोक तर सरोवरातला आर्टेमिया गाळून, वाळवून स्वतःच खात आले. त्यांना श्लॉसरची गरज नव्हती. तेव्हा "प्रथम नोंद" हे शब्द तुमच्या प्रबंधात लिहिताना प्रत्येक वेळी स्वतःला विचारा, कुणाच्या वहीतली प्रथम?

आता मुंबई. भारतातल्या आर्टेमियावरचा जवळपास कुठलाही शोधनिबंध उघडा, प्रस्तावनेत एक वाक्य ठरलेलं असतं: भारतात हा जीव प्रथम नोंदवला तो कुलकर्णी यांनी, १९५३ मध्ये, मुंबईजवळच्या वडाळ्याच्या मिठागरातून. हे कुलकर्णी म्हणजे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी, मत्स्यव्यवसाय खात्यातले शास्त्रज्ञ. १९४० मध्ये त्यांनी इकडच्या निमखाऱ्या पाण्यातल्या एका इवल्याशा, पारदर्शक माशाचं वर्णन केलं होतं. त्या माशाचं नाव होराइक्थिस सेतनाई. पहिल्या शब्दात प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आहेत, दुसऱ्यात खात्याचे प्रमुख सेतना. पुढे कुलकर्णी खात्याचे संचालक झाले आणि लोणावळ्याला टाटांच्या तलावांवर महसीरच्या कामासाठी ओळखले गेले. आर्टेमियाची नोंद मात्र छोटीशी आहे, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमधली. संदर्भसूचीत ती शेकडो वेळा येते. उघडून वाचणारे किती, हा वेगळा विषय. जर्नलचे जुने खंड स्कॅन करून इंटरनेटवर ठेवलेत, त्यामुळे आता सबब नाही. ज्या नोंदीवर तुमचं पहिलं वाक्य उभं आहे ती नोंद स्वतः वाचा. दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून उचललेला संदर्भ म्हणजे उष्टं खाणं.

या नोंदीभोवती दोन खड्डे आहेत, आणि मी दोन्हींत पडलो.

पहिला खड्डा तारखांचा. मत्स्यालय १९५१, नोंद १९५३, दोन्हीकडे एकच खातं. मी ताबडतोब रेघ ओढली: मत्स्यालयातल्या माशांना खाणं हवं होतं, म्हणून वडाळ्यात शोध झाला! गोष्ट किती सुबक जमते बघा. पण दोन तारखा शेजारी उभ्या राहिल्या म्हणून त्यांचं लग्न लागत नाही. अशी रेघ ओढायची तर खात्याचा वार्षिक अहवाल, खरेदीची नोंद, कुणाचं तरी पत्र, असं मधलं काहीतरी हातात लागतं. ते नसेल तर "दोन वर्षांनी" एवढंच लिहायचं, "त्यामुळे" लिहायचं नाही. मराठीत 'त्यामुळे' हा फार स्वस्त शब्द आहे, आणि व्हायव्हात परीक्षक नेमकं त्यावरच बोट ठेवतात.

दुसरा खड्डा नावाचा. त्या काळी जगातला बहुतेक कुठलाही आर्टेमिया 'आर्टेमिया सॅलिना' या एकाच नावाने लिहिला जायचा. आज सॅलिना हे नाव भूमध्य समुद्राकडच्या जातीपुरतं वापरतात, अमेरिकेतली जात फ्रान्सिस्काना, आणि आपल्या तुतीकोरिनसारख्या ठिकाणच्या मूळच्या आर्टेमियात नराशिवाय प्रजनन करणाऱ्या माद्याच. तेव्हा त्या काळच्या कागदावर 'सॅलिना' वाचून आजच्या अर्थाने 'भूमध्य जात' असं लिहिणं म्हणजे जुन्या सातबाऱ्यावरचं नाव वाचून आजचा मालक ठरवण्यासारखं आहे. त्यात आणखी एक गुंता: कोळंबी-शेतीच्या निमित्ताने अमेरिकन सिस्ट भारतात आले, त्यातले काही मिठागरांत सुटले, आणि आज देशात अनेक ठिकाणी जे सापडतं ते फ्रान्सिस्काना असतं. म्हणजे आज मिठागरातून पकडलेला आर्टेमिया १९५३ च्या आर्टेमियाचा वंशज असेलच असं नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळू: हे खाणं आहे हे कधी कळलं? इथे उत्तर बरंच स्पष्ट आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे प्रमुख अल्विन सील यांनी १९३३ मध्ये, माशांसाठी जिवंत खाणं म्हणून आर्टेमिया उत्तम ठरतो, असा लेख लिहिला. त्या शहराच्या खाडीलाही मिठागरं होती, आपल्यासारखीच. मग १९३९ मध्ये नॉर्वेच्या रोलेफसेन यांनी प्लेस या चपट्या माशाची पिल्लं त्यावर वाढवली. म्हणजे श्लॉसरच्या नोंदीनंतर पावणेदोनशे वर्षं हा जीव शास्त्राला माहीत होता, पण 'खाद्य' म्हणून त्याच्याकडे शास्त्राने पाहिलंच नव्हतं.

रोटिफरची गोष्ट याहून गमतीची. रोटिफर आर्टेमियाच्या पिल्लापेक्षाही लहान, मिलिमीटरच्या दशांश-दोन दशांशाचा. जपानमध्ये १९५० च्या दशकात ईल माशांच्या तळ्यांत तो माजायचा, पाण्यातलं शेवाळ फस्त करायचा आणि पाणी बिघडून मासे मरायचे, म्हणून शेतकरी त्याला उपद्रव मानत. १९६० च्या सुमारास इतो या संशोधकाने तोच उपद्रव उचलून आयु माशाच्या पिल्लांना खाऊ घातला. आज क्लाउनफिशच्या हॅचरीत पिल्लाचा पहिला घास म्हणजे हाच रोटिफर, आर्टेमिया त्यानंतर. एका कपाटात 'रोग' या मथळ्याखाली असलेला जीव दुसऱ्या कपाटात 'आहार' म्हणून सापडतो. तुम्ही फक्त 'आहार' हा शब्द शोधत राहिलात तर आधीची दहा वर्षं तुमच्या हातून निसटतात.

आणि 'पौष्टिक' या शब्दाचाही इतिहास आहे, तो इथे थोडा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मँडरिनचं उरलेलं उत्तर त्यात आहे. सुरुवातीची बरीच वर्षं समज असा की मासा खातोय ना, मग झालं. सिस्टचा मोठा पुरवठा आधी सॅन फ्रान्सिस्को खाडीतून व्हायचा, मग अमेरिकेतल्या यूटाच्या ग्रेट सॉल्ट लेकमधून. १९७० च्या दशकात समुद्री माशांची पिल्लं वाढवणाऱ्यांच्या लक्षात आलं की डबा बदलला की निकाल बदलतो. पिल्लं पोटभर खातात आणि तरी मरतात. १९७८ मध्ये जपानी संशोधक वातानाबे आणि सहकाऱ्यांनी आर्टेमियाचे स्निग्धाम्लांवरून दोन प्रकार पाडले. एकात ईपीए हे लांब साखळीचं स्निग्धाम्ल भरपूर, ते समुद्री माशांना चालतं. दुसऱ्यात ते नावापुरतं, ते गोड्या पाण्यातल्या माशांना पुरतं. गोड्या पाण्यातले बरेच मासे लहान साखळीच्या स्निग्धाम्लांपासून लांब साखळीची स्वतः बनवू शकतात, समुद्री माशांना ते फारसं जमत नाही, कारण समुद्रात ते आयतंच मिळतं. म्हणून गप्पी फ्लेक्सवर वर्षभर जगतो आणि समुद्रातला मासा त्याच घरात, भरल्या पोटी, झिजतो. त्याच वर्षी बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात पॅट्रिक सॉर्गेलूस यांच्या पुढाकाराने आर्टेमियाचं संदर्भ केंद्र सुरू झालं आणि जगभरच्या सिस्टची तुलना एका शिस्तीने होऊ लागली.

यावर तोडगा निघाला तो असा: आर्टेमियाचं पिल्लू जन्मल्यावर पहिले काही तास तोंड बंद असतं, ते स्वतःच्या पिवळ्या बलकावर जगतं. पहिली कात टाकली की दिसेल तो कण गिळायला लागतं. मग त्या पाण्यात माशाच्या तेलाचं इमल्शन मिसळायचं, बारा ते चोवीस तासांत पिल्लू तेलाने भरतं, आणि ते भरलेलं पिल्लू माशाला द्यायचं. म्हणजे आर्टेमिया इथे अन्न कमी आणि डबा जास्त. आपली आजी कडू औषध केळ्यात घालून द्यायची, तसंच. उलट, उबवून दोन दिवस तसंच ठेवलेलं पिल्लू स्वतःचा बलक संपवून बसलेलं असतं, ते घालणं म्हणजे रिकामा डबा वाढणं. टाकी ठेवणाऱ्या मित्रांनी एवढं लक्षात ठेवलं तरी या लेखाचं काम झालं.

तिसरा प्रश्न, म्हणजे इथे वापर कधी सुरू झाला, त्यासाठी मी कागद सोडून माणसांकडे गेलो. आमच्या कळव्याच्या खारेगावच्या नावातच खार आहे. खाडीपलीकडे कोपरीला मीठबंदर रोड आहे. मुलुंड, भांडुप, कांजूरची मिठागरं आम्ही लहानपणापासून हायवेवरून बघितलेली. आगरी या नावाचाच संबंध आगराशी, म्हणजे मिठाच्या आगराशी, सांगतात. तर मी मिठागरात उमेद घालवलेल्या एका आजोबांकडे गेलो, मोबाइलवर आर्टेमियाचा फोटो दाखवला आणि विचारलं, "आजोबा, असे किडे असायचे ना पाण्यात?" ते म्हणाले, हो, असायचे ना. मी खूश! मग कोण जाणे काय सुचलं, मी गोड्या डबक्यातल्या पाणपिसवेचा फोटो दाखवला. तेही म्हणाले, हो, हेपण असायचे.

चूक आजोबांची नव्हती. एवढ्या लांबून आलेला पोरगा, कशाला नाराज करा, म्हणून ते हो म्हणत होते. मी उत्तर प्रश्नातच घालून नेलं होतं. पुढच्या खेपेला फोटो खिशात ठेवला आणि नुसतं विचारलं, मीठ धरायच्या आधी पाणी कसं दिसतं? दीड तास बोलले. खाडीचं पाणी उघाडीतून कधी आत घ्यायचे, एका खणातून दुसऱ्यात कसं फिरवायचे, पाणी कुठल्या टप्प्याला रंग धरतं, पाऊस लवकर आला की सगळं कसं वाहून जातं. यातलं प्रत्येक वाक्य माझ्या कामाचं होतं. आर्टेमिया मिठागरात शेवटच्या, मीठ धरणाऱ्या वाफ्यात फारसा नसतो, तो मधल्या तापत्या खणांत असतो. पावसाळ्यात पाणी गोडावलं, मासे आत शिरले की तो संपतो, आणि सिस्ट काठाला लागून राहतात. म्हणजे आजोबांनी त्या जिवाचं घर, त्याचा हंगाम आणि त्याचा मृत्यू मला सांगितला, नाव न घेता. फोटो दाखवून मिळालेलं "हो" मी टिपणवहीतून काढलं नाही, त्यावर लाल काट मारून ठेवलंय. तुमच्याही वहीत अशी पानं फाडू नका.

वडाळ्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. १९३० च्या सविनय कायदेभंगात मे-जूनमध्ये याच वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींनी धाड घातली होती, हजारो मुंबईकर त्यात होते. एका मिठागरावर राजकीय इतिहासाचं कपाट भरून कागद आहे, आणि त्याच पाण्यातल्या जिवावर एक छोटी नोंद. पुराभिलेखागारात मिठाच्या फायली मागवाल तेव्हा लक्षात येईल की त्या कर बसवण्यासाठी लिहिल्या गेल्यात. सरकारला जे मोजायचं होतं तेच तिथे मोजलेलं असतं.

आज तारापोरवाला बंद आहे. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन ते पुन्हा उघडलं होतं, कोरोनाच्या काळात बंद झालं ते झालंच. खारेगावहून विटावा, दिघा करत ऐरोलीला गेलात तर तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशची हॅचरी बघायला मिळते. ज्या खाडीच्या काठी ही हॅचरी आहे, तिला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. आणि खाडीच्या पलीकडच्या काठावर, कांजूर-भांडुप-मुलुंडच्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्वसनातल्या घरांसाठी द्यायला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. घरं लागतातच, त्यावर इथे वाद घालत नाही. पण माझ्यासाठी ती जमीन म्हणजे न वाचलेलं दप्तर आहे. आर्टेमियाचे सिस्ट चिखलात दीर्घकाळ टिकतात, आणि त्यांच्या डीएनएवरून जात देशी की अमेरिकन हे ठरवता येतं. म्हणजे "१९५३ चा जीव कोणता?" या प्रश्नाचं उत्तर कदाचित कागदात नसून बांधाखालच्या चिखलाच्या थरांत असेल. भराव पडला की तो थर वाचायला मिळणार नाही.

नमुना घ्यायच्या परवानगीचा अर्ज लिहून झालाय, इंग्रजीत एक, मराठीत एक. सोबत नकाशा जोडायचाय, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला चिखल कशाला हवाय हे दोन ओळींत लिहायचंय. त्या दोन ओळी गेले चार दिवस जमत नाहीयेत. पाऊस यायला सात आठवडे आहेत.